हौदाच्या काठावरची नोकरी

“अहो, हात हलवा! हात हलवा म्हणते ना! बायका बघताहेत!”

शैलावहिनी कमरेएवढ्या पाण्यातून ओरडत होत्या. त्यांचा आवाज असा की त्या बमरोलीत ओरडल्या तर तिकडे चलथाणच्या कारखान्यातला ऊस आपोआप पिळून निघावा. हौदाच्या काठावर त्यांचे यजमान, आमचे वसंतराव, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय पाण्यात सोडून, मागच्या भिंतीला टेकून आणि तोंडावर वर्तमानपत्र पसरून झोपले होते. पायऱ्यांवर आया आपापली पोरं कडेवर घेऊन थबकल्या होत्या. पाण्यात पाऊल टाकायला कुणी तयार नाही. सगळ्यांची नजर त्या वर्तमानपत्रावर... ते वर-खाली होतंय की नाही! शेवटी वसंतरावांनी पेपर जागचा न हलवता उजवा हात वर केला आणि साहेब लोक फायलीवर सही करताना ज्या कंटाळ्याने बोलतात त्या कंटाळ्याने म्हणाले, “आहे, आहे. चालू द्या.” बायका हसल्या आणि पोरांना घेऊन पाण्यात उतरल्या.

वसंतरावांना मी जिवंत पाहिलं ते शेवटचं. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी बँकेत काउंटरवर जाऊन बसतोय तोच फोन आला. पलीकडून शैलावहिनी इतक्या हळू बोलल्या की मी मूर्खासारखा “जरा मोठ्याने बोला” म्हणालो. “भावजी,” त्या म्हणाल्या, “हे गेले. दाढी करता करता. अर्धी झाली होती.” मी रिक्षाने पोहोचलो तेव्हा त्यांच्या एका गालावरचा साबण वाळून गेला होता. वहिनींनी माझ्या हातात वस्तरा दिला. आयुष्यभर या माणसाने माझ्या गोष्टी कापून अर्ध्या केल्या. त्याची ही एक अर्धी राहिलेली गोष्ट मी पुरी केली.

हे अर्ध्याचं सांगायला हवं. वसंतराव आणि मी एकाच बँकेत, सुरतेच्या एकाच शाखेत. ते अधिकारी, मी कारकून, पण दोघेही महाराष्ट्रातून इकडे येऊन पडलेले, म्हणून मैत्री. मी बोलायला लागलो की ते समोरच्या माणसाला शांतपणे बोटं दाखवायचे. दोन बोटं म्हणजे दोनाने भागा. चार बोटं म्हणजे चाराने भागा. मी एकदा तापीच्या पुरात म्हैस झाडावर बसलेली पाहिल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी दोन्ही पंजे उघडले आणि चहा मागवला. आता भागाकार करणारा गेला. वाचकहो, हा लेख तुमच्या जबाबदारीवर वाचा.

माणूस अकोल्याचा. जिथे नळाला पाणी येणं ही बातमी असते, अशा गावातला. पाणी म्हटलं की त्यांना बादली दिसायची, फार तर हंडा. त्याहून जास्त पाणी एका जागी साचलेलं पाहिलं की त्यांच्या कपाळावर घाम यायचा. तापीवरच्या पुलावरून जाताना ते स्कूटरवर माझ्या मागे डोळे मिटून बसायचे आणि पूल संपला का हे माझा खांदा दाबून विचारायचे. आणि बायको काय मिळावी, तर पाण्यात उपचार करणारी! शैलावहिनी फिजिओथेरपिस्ट. ज्या मुलांचे हातपाय जन्मापासून ताठ किंवा लुळे, त्यांच्यावर त्यांनी आपलं सगळं शिक्षण ओतलेलं. लग्नाच्या बोलण्यांत मुलगी नक्की काय शिकलीय हे वसंतरावांनी विचारलं नव्हतं. “मला वाटलं मालिश वगैरे असेल,” असं ते पुढे दुःखाने सांगायचे.

आमची मुग्धा त्या ताठ पायांच्या मुलांपैकी एक. जन्मताना तिला श्वास घ्यायला उशीर झाला आणि मेंदूचा पायांकडे जाणारा निरोप कुठेतरी अडकला. पाय कात्रीसारखे एकात एक. चांगली शाळेत जायच्या वयाची झाली तरी विजया, म्हणजे माझी बायको, तिला कडेवरच घेऊन हिंडायची. तेल झालं, काढे झाले, उन्हात वाळूत पुरून ठेवणं झालं. कुणी सांगितलं म्हणून मी घोरपडीचं तेल शोधायला डांगच्या जंगलात गेलो आणि घोरपडच माझ्या मागे लागली... असो. हे सगळं शैलावहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “भावजी, कोमट पाणी हवं. छातीपर्यंत. पाण्यात अंगाचं वजन उतरतं आणि ऊब लागली की ताठरपणा सैल होतो. गार पाणी नको, गार पाण्याने ती आणखी आखडेल.”

सोपं वाटलं ना? गावातल्या पोहण्याच्या तलावाचं पाणी गार, शिवाय “असली मुलं” आली की बाकीचे सभासद बाहेर निघणार, असं तिथल्या माणसाने तोंडावर सांगितलं. घरी पिंपात बसवून पाहिलं, तर पिंपात मुग्धा मावायची आणि व्यायाम बाहेर राहायचा. मग एक दिवस शैलावहिनी बमरोलीच्या रस्त्याने येत होत्या आणि एका मिलच्या मागच्या भिंतीतून वाफाळतं पाणी धो धो गटारात पडताना त्यांना दिसलं. आमच्या सुरतेत साड्या रंगवण्याच्या मिला किती आहेत हे मी सांगत नाही, तुम्ही पुन्हा भागाकार कराल. त्यातलं एक मला तोवर माहीत नव्हतं. रंगाचं यंत्र गरम होतं तेव्हा त्याला थंड करायला बाहेरच्या अंगाने नळ्यांतून स्वच्छ पाणी फिरवतात. ते रंगाला शिवत नाही, फक्त तापतं आणि बाहेर पडतं. म्हणजे अख्ख्या शहरात गरम पाण्याच्या नद्या वाहत होत्या, आणि आम्ही पिंप तापवत बसलो होतो!

मिलचे मालक जयंतीशेठ. त्यांच्या आईचा आखडलेला खांदा वहिनींनी पूर्वी सोडवून दिला होता, त्यामुळे शेठ ऐकून तरी घेत. आवारात एक जुना पक्का हौद रिकामा पडला होता. वहिनी त्यात स्वतः उतरल्या, कमरेला हात लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, एवढाच खोल हवा, फक्त पायऱ्या आणि धरायला एक दांडी करून द्या. शेठने विचार केला. मिलमध्ये कामाला सगळी खानदेशातली माणसं, बमरोलीच्या चाळींतून राहणारी. त्यांच्यातही अशी मुलं होतीच. “बेन, मने वांधो नथी, हरकत नाही,” शेठ म्हणाले. “पण हौज माझ्या कारीगरांच्या पोरांसाठी. ती येतील तोवर तुमचा. ती बंध, तो हौज बंध. मला ब्लीचिंगचे पिंप ठेवायला जागा जोईये.” आम्ही बँकवाले त्या सोयीत मागच्या दाराने शिरलो.

दर रविवारी सकाळी रात्रपाळी सुटली की यंत्रं थांबत आणि शेवटचं गरम पाणी हौदात सोडलं जाई. त्यानंतर ताजं पाणी नाही. आहे ते निवत जाणार. ऊन वर यायच्या आत जे काय करायचं ते करून घ्यायचं. पहिल्या रविवारी शैलावहिनींनी मुग्धाला पाण्यात घेतलं, पाठीवर तरंगत ठेवलं, तिचे पाय हळूहळू, लोण्यातून सुरी फिरावी तसे, इकडून तिकडे फिरवले. बऱ्याच वेळाने त्यांनी तिला सरळ केलं आणि आपले हात तिच्या काखेतून काढून घेतले.

मुग्धा उभी होती.

माझी पोरगी जमिनीवर एकदाही उभी राहिली नव्हती. इथे पाण्यात ती दोन्ही टाचा टेकून उभी होती, आणि आजूबाजूला असं बघत होती की जणू उंचीवरून जग जरा बरं दिसतंय. मी काय केलं ते सांगत नाही. मिलचा भोंगा वाजला असं काही लोकांना वाटलं, एवढंच सांगतो. “जमिनीवरचं मी काही कबूल करत नाही,” वहिनी म्हणाल्या. “पण इथे ती उभी राहील. दर रविवारी.” आमच्या घरात रविवार हा वार राहिला नाही, सण झाला. सोमवारपासून मुग्धा विचारायची, उभं राहायचा दिवस कधी?

आणि तो सण एका सकाळी गुलाबी झाला.

यंत्रातली एक नळी कुठेतरी चिरली होती. हौदातलं पाणी दिसायला नेहमीसारखं, किंचित लालसर म्हणाल तर सकाळच्या उन्हाची छटा वाटावी इतकं. मुलं तास दीड तास पाण्यात. बाहेर काढून पुसायला घेतली तर टॉवेल गुलाबी, नखं गुलाबी, कानाच्या पाळ्या गुलाबी! साधा नाही, लग्नाच्या शालूवरचा राणी कलर. पार सचिन गावापर्यंत लोक गच्चीवर चढून बघत होते म्हणतात. लताबाई नावाची एक बाई होती, तिचा नवरा याच मिलमध्ये रंगखात्यात. तिचा भूषण मानेतून लुळा, मुठी घट्ट मिटलेल्या. त्याला तिने पदराने घासघास घासलं आणि ओरडली, “मना पोरले रंगाई टाकं ना वं! मी आते नही लयनार!” बाकीच्या आयांनी पोरं उचलली आणि चालू लागल्या. रंग आठवडाभर टिकला. बरं, दोन दिवस. पण दोन दिवसांत सगळ्या चाळींतून पाहून झालं.

वहिनींनी आधी मुलांचं पाहिलं. घरोघर जाऊन प्रत्येकाची कातडी, डोळे तपासले, डॉक्टरांना दाखवलं. कुणाला काही इजा नव्हती. नळी बदलून घेतली, हौद घासून घेतला. मग पुढचे दोन रविवार आम्ही हौदाशी बसलो, तर वाफ आणि आम्ही. चाळीतलं कुणी नाही. शेठचा मॅनेजर लांबून पिंप मोजून गेला. घरी मुग्धा पलंगाच्या काठाला धरून उठायला बघायची, पाय कात्रीत अडकायचे आणि खाली. आमची सगळी दुनिया त्या कारीगरांच्या पोरांवर टांगली होती.

तेव्हा वहिनींना ती युक्ती सुचली. त्या शेठकडे गेल्या आणि म्हणाल्या, “मला एक साडी द्या. रंगात जायच्या आधीची.” जो माणूस देशभरच्या बायकांना रंगीत साड्या पुरवतो, त्याच्याकडे या बाईने पांढरीफटक कोरी साडी मागितली! बेत असा, की मुलांच्या आधी आपण ती साडी नेसून पाण्यात बसायचं. पाण्यात रंगाचा एक कण असला तरी तो आधी साडीवर दिसेल. साडी पांढरी राहिली तर मुलांनी उतरायचं. मी म्हणालो, “वहिनी, पांढरा रुमाल बुडवला तर भागणार नाही का?” “रुमालावर कोण विश्वास ठेवेल, भावजी? आईला दुसरी बाई पाण्यात बसलेली दिसली पाहिजे.”

चाळीत निरोप गेला. पुढच्या रविवारी आया आल्या, पोरांना घेऊन आल्या, पण फाटकाजवळ उभ्या राहिल्या. वहिनी हौदामागच्या खोलीत साडी नेसून बाहेर आल्या आणि पाण्यात जाऊन गळ्यापर्यंत बसल्या. एक चहा उकळून, गाळून, पिऊन होईल इतका वेळ बसल्या. उठल्या तेव्हा साडी बगळ्यासारखी पांढरी. मी टाळ्या वाजवल्या. माझ्याशिवाय कुणीही नाही.

वहिनींनी भूषणला घ्यायला हात पुढे केले, तशी लताबाई मागे सरकली. “बाई, तुमना घरवाला?” तिने विचारलं. वहिनींना कळेना. “काय झालं त्यांना?” “तेच विचारस ना मी. पांढरं नेसनात. कधी गया?” मग ध्यानात आलं. लताबाईच्या गावाकडे पांढरी साडी नवरा गेल्यावर नेसतात. आधीच आजारी लेकरू, त्याला अशा बाईच्या हातात द्यायचं, अन् तेही पाण्यात? आमच्या विजयाने मला हळूच चिमटा काढला. मनातून तिलाही तेच टोचत होतं, फक्त ती शिकलेली असल्यामुळे बोलत नव्हती. वहिनी म्हणाल्या, “अगं, पांढऱ्यावर रंग दिसतो, हिरव्यावर दिसत नाही. यात नवऱ्याचा काय संबंध?” बरोबरच होतं. पण मुद्दा बरोबर असून काय करता! पाणी शुद्ध ठरलं होतं आणि साडीने सगळं पुन्हा बुडवलं होतं. बायका पुन्हा फाटकाकडे वळल्या.

“भावजी,” वहिनी पाण्यातूनच गरजल्या, “स्कूटर काढा आणि यांना घेऊन या!”

रविवारची सकाळ. वसंतराव घरी पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात, पुढ्यात गरम लोचो, वर तेल-मसाला, शेव. पहिला घास हातात. मी म्हणालो, “चला, तुम्ही जिवंत आहात हे सिद्ध करायचंय.” ते म्हणाले, “लोचो खाऊन करू.” मी त्यांना लोचोसकट उचललं. स्कूटरवर मागे बसून त्यांनी तो संपवलाही. मिलमध्ये पोहोचलो तेव्हा वहिनींनी हौदातून बोट दाखवून त्यांना बायकांसमोर उभं केलं. “हे बघा! हा माझा नवरा. बँकेत आहे. अकोल्याचा आहे. जिवंत आहे.”

बायकांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. वसंतराव नमस्कार करून उभे. लताबाई काही केल्या एवढ्यावर ऐकणारी नव्हती. ती म्हणाली, आज दिसला, पुढच्या वेळी कशावरून? तेव्हा वहिनींनी निकाल दिला, की दर रविवारी हे काठावर बसतील. पाय पाण्यात सोडून. सगळ्यांना दिसतील असे. वसंतरावांनी हौदाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा कोऱ्या साडीहून पांढरा झाला.

“मी काय करायचं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. बसायचं. जिवंत दिसायचं.”

“ते मला बँकेतसुद्धा जमत नाही, शैला.”

पण बसले. डोळे गच्च मिटून एक पाय पाण्यात घातला, मग दुसरा. लताबाईने किटलीतला चहा कपात ओतून त्यांच्या हातात दिला, आणि ते पीत असताना त्यांच्या घशाकडे लक्ष ठेवून राहिली. घोट खाली उतरल्यावर तिने भूषणला वहिनींच्या हातात दिलं. मुग्धा त्या दिवशी तिसऱ्या नंबरने पाण्यात गेली आणि उभी राहिली.

अशी या गृहस्थाला आयुष्यातली दुसरी नोकरी लागली. सुरुवातीला ते फार अवघडून बसत, शाळेच्या ग्रुप फोटोत बसतात तसे. मग पेपर आणायला लागले, मग उशी. एका रविवारी ते असेच पेपरात बुडालेले असताना भूषण पाण्यातून तरंगत त्यांच्यापाशी पोहोचला आणि त्याच्या मिटलेल्या मुठीला काय वाटलं कोण जाणे, ती उघडली आणि वसंतरावांच्या पायाच्या अंगठ्यावर मिटली. वसंतराव किंचाळले. त्यांना वाटलं साप! उडी मारून पळणार, एवढ्यात वहिनी ओरडल्या, “हलू नका! अंगठा काढलात तर बघा! त्याने मूठ आपणहून उघडलीय!” वसंतराव थिजले. भूषण हसत होता. लताबाई तोंडाला पदर लावून उभी होती.

त्यानंतर तो अंगठा त्या हौदातलं सर्वात मोठं उपकरण ठरला. वहिनी मुलांना पायऱ्यांपाशी सोडायच्या आणि म्हणायच्या, “जा, काकांचा अंगठा धरून या.” कुणी तरंगत जायचं, कुणी दांडी धरून. मुग्धा पाण्यातून पाऊल टाकत जायची, एक, मग थांबून दुसरं, आणि पोहोचल्यावर अंगठा असा पिरगाळायची की वसंतरावांनी ओरडलंच पाहिजे. ते तर न दुखताही ओरडायचे. पाण्याला घाबरणारा माणूस पाण्यात पाय सोडून, मुद्दाम वाट बघत, एक डोळा पेपरमागून काढून... मी विचारलं एकदा, “वसंतराव, दर रविवारी सुट्टीची माती होते, कंटाळा नाही येत?” त्यांनी त्या दिवशी बोटं दाखवली नाहीत. म्हणाले, “मनोहर, बँकेत मी एक दिवस नसलो तर शिपायालाही कळत नाही. इथे मी नसलो तर काम थांबतं. एवढं महत्त्व मला अकोल्यात आईनेसुद्धा दिलं नव्हतं.”

आणि खरंच ते कधी चुकले नाहीत. ताप असला तर शाल गुंडाळून बसायचे. सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला अकोल्याला गेले नाहीत, कारण मुहूर्त रविवारचा होता. प्लेगच्या भीतीने निम्मं शहर गाड्यांना लटकून पळालं तेव्हा हौद कोरडा होता, तेवढेच रविवार सुटले. चाळीत तर पुढे पुढे पोरांच्या खेळात हे येऊ लागलं, की एकाने काठावर मेल्यासारखं पडायचं आणि बाकीच्यांनी “काका, हात हलवा” म्हणायचं.

म्हणून त्यांच्या जाण्यानंतर आमच्या घरात जे दुःख होतं, त्याच्या आत दुसरी एक भीती होती, आणि ती बोलून दाखवायची लाज वाटत होती. आता हौदाचं काय? नवरा जिवंत आहे, या एका गोष्टीवर चाळीतल्या आया पोरं सोडत होत्या. तो दिवसकार्यापर्यंतचा काळ हौद बंदच होता. मॅनेजरने पिंप आणून काठाशी लावूनही ठेवले. मी धीर करून वहिनींकडे गेलो आणि म्हणालो, “वहिनी, वाटल्यास मी बसत जाईन काठावर.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं. “भावजी, लोक विचारतील हा कुणाचा नवरा. मग विजया काय सांगेल?” मग म्हणाल्या, “शेठला सांगा, या रविवारी पाणी सोडा.”

विजया म्हणाली, निदान रंगीत साडी नेसा, वहिनी, पाणी रुमालाने बघू.

रविवारी आम्ही मुग्धाला घेऊन गेलो. वाफ नेहमीसारखी वर येत होती. चाळीतल्या बायका आल्या होत्या, पण फाटकाजवळ, साडीच्या पहिल्या दिवसासारख्या, घोळका करून. जिथे वसंतराव बसायचे तिथली फरशी कोरडी होती. शैलावहिनी खोलीतून बाहेर आल्या. तीच कोरी पांढरी साडी. आजवर ती साडी खोटं बोलत होती आणि काठावरचा माणूस खरं. आज साडी खरं बोलत होती. मी गप्प होतो, हे वाचून सुरतेतले माझे ओळखीचे लोक दोन्ही पंजे उघडतील, पण गप्प होतो.

त्या पायऱ्या उतरल्या, गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या. नेहमीइतकाच वेळ. उठल्या. साडी पांढरी होती. त्यांनी वर न बघता हात पुढे केले आणि तसेच धरून ठेवले.

हात रिकामे होते आणि पाण्यावरची वाफ विरळ होत चालली होती. मॅनेजर पिंपांपाशी उभा राहून घड्याळ बघत होता. मुग्धाने माझी कॉलर मुठीत घट्ट धरली होती. मी मनात म्हटलं, जावं आपणच पुढे, पण आमच्या पोरीने हौद टिकणार नव्हता, हे मला आणि वहिनींना दोघांनाही माहीत होतं. विजया डोळे मिटून उभी होती.

घोळक्यातून लताबाई निघाली. भूषण आता वाढला होता, कडेवर मावत नव्हता, त्याचे पाय तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. ती भराभर चालत आली, चपला काठावर काढल्या, लुगड्यासकट दोन पायऱ्या उतरली आणि भूषणला शैलावहिनींच्या हातांवर ठेवून पदर पिळत वर आली. तिच्या मागोमाग दुसरी आली. मग तिसरी. मग मी धावलो, घसरलो, मुग्धाला पाण्यात दिलं. मुग्धा उभी राहिली. जरा वेळाने ती नेहमीच्या वाटेने त्या कोरड्या फरशीपर्यंत चालत गेली, काठाला दोन्ही हात लावले, थोडं थांबली, आणि वळून परत आली. वहिनींनी तिला काही सांगितलं नव्हतं.

मॅनेजर पिंप न हलवता निघून गेला.

सगळं आटोपल्यावर बायका पोरांना पुसत होत्या. कुणाशी तरी बोलल्याशिवाय मला राहवेना. मी लताबाईजवळ गेलो आणि म्हटलं, तुम्ही आज जे केलंत ते आम्ही जन्मभर विसरणार नाही. तुमच्यासारख्या रीतीभाती पाळणाऱ्या बाईने, वहिनींवर एवढा प्रसंग आलेला असताना, ती पांढरी साडी बघूनही सगळ्यांच्या आधी आपलं लेकरू पुढे केलंत, एवढं धैर्य आणलंत कुठून?

ती भूषणचं डोकं पुसत होती. पुसता पुसताच म्हणाली, “पाणी थंडं व्हई राहिंतं ना, भाऊ.”